गरोदर बाईला पुढच्या रुग्णालयात पाठवताना: एकदाच, आणि जिथं काम होईल तिथंच

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. एमबीबीएसनंतरच्या बंधपत्रित सेवेत तुम्ही डोंगराळ तालुक्यातल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आहात. महिन्याला चाळीसेक बाळंतपणं होतात. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतात, रक्त साठवायची सोय नाही. ३५ किलोमीटरवर उपजिल्हा रुग्णालय, ९० किलोमीटरवर जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय. पेशंट पाठवली की वरचे ओरडतात, ठेवून घेतली की तुम्हाला रात्रभर झोप नाही. गेल्या महिन्यात एका बाईची डिलिव्हरी घाटात, गाडीतच झाली. तर कधी पाठवायचं, कुठं पाठवायचं आणि पाठवताना नेमकं काय करायचं?

मी साडेसहा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी अशाच एका ग्रामीण रुग्णालयात काढली. नंतर पदव्युत्तर शिक्षण झालं, आणि गेली सोळा वर्षं मी पेशंट घेणाऱ्या बाजूला आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: पेशंट एकदाच हलवावी, आणि जिथं तिचं काम पूर्ण होणार आहे तिथंच हलवावी. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

एक बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दुसरटकर, आठवा महिना संपत आलेला, वार सुटून आत रक्तस्राव झालेला. आमच्याकडे पहाटे पोचली तेव्हा पोट लाकडासारखं कडक, हातपाय गार, नाडी १३०. सासूच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात चार चिठ्ठ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून आणखी एक ठिकाण आणि मग आम्ही. चारही चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ एकच: ‘पुढील उपचारासाठी वरिष्ठ रुग्णालयात पाठवीत आहे.’ रस्ता तीन तासांचा. तिला लागले नऊ. उरलेले सहा तास कुठं गेले? प्रत्येक ठिकाणी केसपेपर नव्यानं निघाला, नवा डॉक्टर येईपर्यंत ती स्ट्रेचरवर थांबली, तपासून ‘इथं होणार नाही’ असं ठरलं आणि पुन्हा नव्या गाडीची वाट पाहिली गेली. बाळ गेलं होतं. आई वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. त्या चारांपैकी एकानंही मुद्दाम हयगय केली नव्हती. प्रत्येकानं ‘माझ्याच्यानं होणार नाही’ एवढंच ठरवलं. ‘मग हे कुठं होईल’ हे कुणीच ठरवलं नाही.

मातामृत्यूंमागचे तीन उशीर तुम्ही शिकला असाल. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये ते मांडले: घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. परीक्षेत आपण हे एकदाच लिहितो. पण पेशंट टप्प्याटप्प्यानं वर सरकते तेव्हा दुसरा आणि तिसरा उशीर प्रत्येक थांब्यावर पहिल्यापासून सुरू होतो. जवळचं रुग्णालय म्हणून ३५ किलोमीटरवर पाठवलेली बाई तिथून पुढे जाणारच असेल, तर तिचे दीड-दोन तास तुम्ही स्वतःच्या हातानं काढून घेतले.

म्हणून ‘वरचं रुग्णालय’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. तिला काय लागणार आहे ते विचारा. सिझर लागणार असेल तर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही आज, आत्ता, या रात्री कुठं आहेत? सिझर, रक्त आणि नवजात बाळाची काळजी चोवीस तास मिळते त्याला आपण प्रथम संदर्भ केंद्र म्हणतो. पण कागदावरचं केंद्र आणि रविवारी रात्री अडीच वाजताचं केंद्र यात अंतर असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं माहीत आहे. उपजिल्ह्यात ही तिन्ही असतील तर ३५ किलोमीटर उत्तम. भूलतज्ज्ञ रजेवर असेल तर ते रुग्णालय आजच्यापुरतं तुमच्यासारखंच आहे, गाडी सरळ ९० किलोमीटरवर न्या. नेमून दिलेली साखळी मोडली म्हणून कुणी विचारलं तर चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असू द्या: ‘उपजिल्हा रुग्णालयात आज भूलतज्ज्ञ नाहीत, फोनवर खात्री केली, वेळ अमुक.’

आमच्या पट्ट्यात याचं उत्तर आम्ही एका साध्या सवयीत शोधलं. रोज सकाळी ९ वाजता प्रत्येक ठिकाणची लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर व्हॉट्सअॅपच्या एका गटावर एक ओळ टाकते: आज सर्जन कोण, भूलतज्ज्ञ कधीपर्यंत, कोणत्या गटाचं रक्त किती, नवजात कक्षात जागा आहे की नाही. संध्याकाळी ६ ला पुन्हा. बस. सुरुवातीला महिनाभर मलाच आठवण करावी लागायची. आता एखादी ओळ आली नाही तर ड्रायव्हरच विचारतात. यासाठी ना शासन निर्णय लागला, ना पैसा. तुमच्या तालुक्यात असा गट नसेल तर तुम्ही सुरू करा, तुम्ही नवीन आहात म्हणून थांबू नका.

आता ‘कधी’. याचं सर्वांत चांगलं उत्तर मला पार्टोग्राफच्या, म्हणजे बाळंतपणाची प्रगती तासागणिक नोंदवायच्या आलेखाच्या, जन्मकथेत सापडलं. ही दोन रेघांची पद्धत फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत. तिथं दूरदूरच्या दवाखान्यांत दाया बाळंतपणं करायच्या आणि मोठं रुग्णालय लांब होतं. अॅलर्ट लाइन ओलांडली की दाईनं बाईला पाठवायचं, आणि अॅक्शन लाइन तिच्यापासून ४ तास उजवीकडे. ते ४ तास प्रवासासाठी राखलेले होते. म्हणजे या आलेखात रस्ता आधीपासूनच काढलेला आहे. आपण मात्र भिंतीवर लावलेला कागद म्हणून तो भरतो.

अलीकडे जागतिक आरोग्य संघटनेनं गर्भपिशवीचं तोंड तासाला १ सेंटिमीटर उघडायलाच हवं हा हट्ट सोडायला सांगितलाय आणि २०२० मध्ये पार्टोग्राफच्या जागी नवा लेबर केअर गाइड आणलाय. ते योग्यच आहे, नाहीतर घाईची सिझर वाढतात. मोठ्या रुग्णालयात संथ प्रगती हे वाट पाहायचं कारण असू शकतं. तुमच्याकडे तीच संथ प्रगती फोन उचलायचं कारण आहे. आकडा तोच, पण तुमच्यापुढे रस्ता आहे.

एक हिशेब पाठ करून ठेवा. गाडी येईपर्यंत अर्धा तास, बाईला तयार करून चढवायला वीस मिनिटं, घाटाचा रस्ता अडीच तास, तिथं पोचल्यावर ऑपरेशन थिएटर सज्ज व्हायला पाऊण तास. झाले चार तास. आत्ता समोर असलेल्या बाईला पाहून निर्णय घेऊ नका, चार तासांनंतर ती कशी असेल हे पाहून घ्या. बाळाचे ठोके आत्ता ठीक आहेत, पण पाणी हिरवं झालंय आणि तोंड ५ सेंटिमीटरच उघडलंय? चार तास पुढे जाऊन बघा. पहिलटकरीण, डोकं अजून वर तरंगतंय, कळा जोरात? पुढे जाऊन बघा.

हाच हिशेब उलटाही चालतो, आणि तुमच्या घाटातल्या डिलिव्हरीचं उत्तर तिथं आहे. तिसऱ्या खेपेची बाई, ८ सेंटिमीटर, कळा भरात, आणि बीपी थोडं वाढलं म्हणून पाठवली, तर ती रस्त्यात बाळंत होणार हे ठरलेलंच. तिचं बाळंतपण तुमच्या लेबर रूममध्ये, दिव्याखाली, दोन सिस्टर आणि पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन हाताशी असताना करा आणि नंतर लागलं तर आई-बाळाला पाठवा. बाळ पायाळू असलं आणि कुल्ले खाली आलेले असले तरी हेच. ‘माझ्या हातात काही झालं तर’ या भीतीनं बाईला गाडीत चढवलं, तर ते होणारं थांबत नाही, फक्त जास्त वाईट जागी होतं. चढवण्याआधी शेवटची आतली तपासणी त्याच क्षणी करा, तासाभरापूर्वीची धरू नका. अपवाद एकच. अंगावरून रक्त जात असेल आणि वार खाली नाही याची सोनोग्राफीनं खात्री नसेल, तर आतून तपासायचंच नाही. बोटानं वार उचकटली तर ती तुमच्या टेबलावरच संपेल.

आता निघण्याआधी काय. काही आजार असे असतात की त्यांचा इलाज फक्त पुढेच आहे: वार सुटलेली, पिशवी फाटल्याची शंका, अडलेलं बाळंतपण. तिथं सलाईनच्या दोन लाइन, कॅथेटर, अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि निघायचं. पण बीपी वाढून येणारे झटके आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव यांचा अर्धा इलाज तुमच्या टेबलावर आहे. तो न करता पाठवणं म्हणजे रस्त्यावर सोडणं.

झटक्यांची बाई घ्या. डाव्या कुशीवर वळवा, तोंड साफ करा, ऑक्सिजन लावा आणि मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट, द्या. आपल्याकडचा अँप्यूल ५० टक्क्यांचा, २ मिलीचा, म्हणजे १ ग्रॅम. ४ अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर, झाले २० मिली. हे शिरेतून सावकाश, घड्याळ बघत, निदान पाच मिनिटं घेऊन. नंतर प्रत्येक कुल्ल्यात खोल ५ अँप्यूल, सोबत १ मिली लिग्नोकेन. एकूण १४ अँप्यूल. ही १४ अँप्यूल, दोन २० सीसी आणि दोन १० सीसी सिरिंज, डिस्टिल्ड वॉटर आणि लिग्नोकेन एका डब्यात चिकटपट्टीनं बांधून ठेवा. झटके सुरू असताना कपाटाची किल्ली शोधणारी सिस्टर मी पाहिली आहे, तिचे हात कसे थरथरत होते तेही. उपकेंद्रात एकटी सिस्टर असेल तर तिनं शिरेचा डोस सोडून नुसते कुल्ल्यातले १० ग्रॅम देऊन पाठवावं. एवढं तिच्या अधिकारात आहे आणि तेवढ्यानं जीव वाचतो. बीपी १६०/११० किंवा वर असेल तर लॅबेटालॉल शिरेतून २० मिलिग्रॅम. बाई शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर निफेडिपिन १० मिलिग्रॅम तोंडानं चालेल, जिभेखाली फोडून नको. बीपी एकदम पाडायचं नाही, १५०/१०० च्या आसपास आणायचं.

आणि आता ती गोष्ट जी माझ्या एका जुन्या सिस्टरनं मला शिकवली. मॅगसल्फ देऊन झालं की ती पांढऱ्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडायची, बॉलपेननं त्यावर लिहायची: ‘मॅगसल्फ १४ ग्रॅम, पहाटे २.४०’, आणि बाईच्या डाव्या हातावर, कोपराखाली चिकटवायची. चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात राहते, नवरा गाडीच्या मागून मोटारसायकलवर येतो, आणि पुढच्या ठिकाणचा डॉक्टर झटक्यांची बाई पाहून पहिला डोस पुन्हा देतो. दोनदा दिलेल्या मॅगसल्फनं श्वास थांबू शकतो. हातावरची पट्टी बाईसोबतच पोचते. चार तासांच्या आत पोचणार नसाल तर पुढच्या डोसाची ५ अँप्यूल गाडीत द्या. तो डोस देण्याआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय ना, श्वास मिनिटाला १६ च्या वर आहे ना, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय ना हे बघायला सांगा. मॅगसल्फवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं एक अँप्यूल सोबत हवंच.

रक्तस्रावात बीपीवर विसंबू नका. बाळंतीण तरुण असते, तिचं शरीर शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या बरोबरीला आला की ती धोक्यात आहे, मग बीपी १०० का असेना. पिशवी चोळा, २० युनिट ऑक्सिटोसिन घातलेली सलाईन चालू करा, मिसोप्रोस्टॉल जिभेखाली ८०० मायक्रोग्रॅम, मेथर्जिन फक्त बीपी वाढलेलं नसलेल्या बाईला. ट्रॅनेक्झामिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत. २०१७ च्या ‘वुमन’ नावाच्या औषध-चाचणीनं दाखवलं की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. म्हणजे ते तुमच्याकडेच द्यायचं, ९० किलोमीटरवर पोचेपर्यंत तीन तास उलटून जातात. वार पूर्ण आली का आणि कुठं फाटलंय का हे नीट उजेडात बघा. पिशवी घट्ट आहे आणि तरी लाल रक्त वाहतंय, तर कुठंतरी फाटलेलं आहे. तिथं घट्ट पॅक भरा.

पिशवी सैलच राहिली तर कॅथेटरला कंडोम बांधून आत सलाईन भरायची. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी ही युक्ती रूढ केली. सामान चाळीस-पन्नास रुपयांचं आणि प्रत्येक लेबर रूममध्ये असतंच. फक्त एकदा कुणाच्या तरी हाताखाली करून बघा, पहिल्यांदा रात्री एकट्यानं करू नका. तुमच्याकडे शॉकविरोधी पँट, म्हणजे पाय आणि पोट आवळून धरणारा पोशाख, असेल तर ती घोट्यापासून वर बांधत न्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: ‘रक्तस्राव थांबल्याशिवाय पँट काढू नये.’ घेणाऱ्या बाजूला एखादा इंटर्न तपासायला म्हणून ती सोडतो आणि दोन मिनिटांत बीपी हरवतं. हे मी स्वतः पाहिलंय.

नाळ खाली आली असेल तर मूत्राशयात कॅथेटरनं ५०० मिली सलाईन भरा, कंबर उंच करा आणि एकानं हात आत ठेवून डोकं वर ढकलून धरायचं, पोचेपर्यंत. अडलेल्या बाईला ऑक्सिटोसिनची सलाईन लावून पाठवायचं नाही, कधीच नाही.

गाडी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. १०२ च्या गाडीत बहुतेक वेळा ड्रायव्हरच. त्यामुळे झटके, रक्तस्राव, किंवा जोरात कळा असलेली बाई १०२ मध्ये एकटी जाणार नाही. १०८ तासभर येणार नसेल तर १०२ काढा, पण तुमची सिस्टर सोबत बसवा. ड्युटीवर एकच सिस्टर आहे म्हणाल, तर मग तुम्ही थांबा, ती जाऊ दे. हे कठीण आहे, मला माहीत आहे. मी स्वतः दोनदा एकटीनं लेबर रूम सांभाळली आहे, आणि तो निर्णय पुन्हा तसाच घेईन. ऑक्सिजनचा काटा निघण्याआधी बघा. मधल्या आकाराच्या, बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटरनं चालवला तर अडीच तास पुरतो, आणि तुमचा घाटच अडीच तासांचा आहे. बाई उताणी नको, डाव्या कुशीवर, पाठीला उशी. गाडीत बाळंतपणाचा संच, क्लॅम्प, बाळाला गुंडाळायला कोरडी कापडं, आणि हातानं श्वास द्यायची आंबू बॅग आई आणि बाळ दोघांच्या मापाची.

गाडी हलण्याआधी फोन. हा फोन माहिती देण्यासाठी नसतो, होकार घेण्यासाठी असतो. ऑपरेटरला किंवा कॅज्युअल्टीला नको, जी व्यक्ती तिला हात लावणार आहे तिला. चार वाक्यं पुरतात: कोण आहे, काय झालंय, मी काय दिलं, तुमच्याकडे पोचताच काय लागेल. उदाहरणार्थ: ‘२२ वर्षं, पहिलटकरीण, ३६ आठवडे, दोन झटके आले, मॅगसल्फचा पूर्ण पहिला डोस २.४० ला दिला. बीपी १७०/११० होतं, आता १५०/१००. तोंड २ सेंटिमीटर, बाळाचे ठोके १४०. रक्तगट बी पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ८. साडेपाचला पोचू, दोन पिशव्या रक्त तयार ठेवा.’ रक्तगट सांगितला तर रक्तपेढीतलं काम ती रस्त्यात असतानाच सुरू होतं. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहा. त्यांनी ‘खाट नाही’ म्हटलं तर ‘मग कुठं आहे ते तुम्ही सांगा’ असं म्हणा. पेशंट घेणाऱ्याचं ते कामच आहे, तुम्ही रात्री तीन वाजता चार रुग्णालयांना फोन लावत बसायचं नाही. जीव वाचवण्याचा प्राथमिक उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगून ठेवलंय. ते तुम्हालाही लागू आहे आणि आम्हालाही.

चिठ्ठीत वेळा लिहा. पाणी कधी गेलं, कळा कधी सुरू झाल्या, कोणतं औषध किती वाजता, शेवटची लघवी किती. निदान नक्की नसेल तर शंका लिहा, कुणी हसत नाही. पार्टोग्राफचा फोटो फोनवर पाठवा.

बाईशीही बोला. हे शेवटी आलं, पण महत्त्वाचं आहे. कळांमध्ये असलेल्या बाईला स्ट्रेचरवर घालून आपण नवऱ्याशी आणि सासूशी बोलतो. तिला माहीतच नसतं की आपल्याला कुठं नेताहेत. आमच्याकडे कोरकू बोलणाऱ्या बाया यायच्या, त्यांना माझं मराठी अर्धंच कळायचं. मी आशाताईंना गाडीत सोबत पाठवायला लागले तेव्हापासून बाया गाडीत शांत राहू लागल्या, आणि मध्येच उतरून घरी जायचं म्हणणाऱ्या घरच्यांची समजूतही आशाताईच काढू लागल्या. नातेवाइकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचा आणि घरी सोडण्याचा खर्च त्यांच्यावर नाही, कुणी मागितला तर देऊ नये. दोन, रक्त देऊ शकतील अशी दोन धडधाकट माणसं मागून येऊ द्यावीत. पैशाच्या भीतीनं होकार द्यायला लावलेला अर्धा तास मी फार वेळा मोजलाय.

तरीही सर्वांत चांगलं पाठवणं म्हणजे कळा सुरू होण्याआधीचं. आधी सिझर झालेली, जुळी, बाळ आडवं, वार खाली, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, सिकलसेल: या बायांनी तुमच्या लेबर रूममध्ये रात्री पोचायलाच नको. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीत त्यांची यादी करा आणि त्यांचं बाळंतपण कुठं होणार ते माता-बाल कार्डावर तारखेसह लिहा. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ माहेरघर, म्हणजे दिवस भरत आलेल्या बाईला राहायची सोय, असते. पण माहेरघर तुमच्या केंद्राजवळ असून उपयोग नाही, जर तिला सिझर लागणार असेल. तिला जिल्ह्याच्या गावी दोन आठवडे आधी कुठं राहता येईल हे शोधावं लागतं, तिची मोठी पोरं कोण सांभाळणार हे विचारावं लागतं. नंदुरबारच्या अक्राणीत पाड्यावरून झोळीत घालून बाई खाली आणतात. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. अशा गावांच्या जूनमधल्या तारखा मेमध्येच बघायच्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचं मातामृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. राज्याची सरासरी चांगली आहे. या गावांतल्या बाईला त्या सरासरीचा काही उपयोग नाही.

दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, ३४ आठवड्यांच्या आत, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दंडात किंवा मांडीत देऊन लगेच पाठवा. पुढचे तीन डोस बारा-बारा तासांनी, ते आम्ही देऊ. बाळाला पोटात असतानाच हलवायचं. कोणतीही गाडी, कोणतीही पेटी आईच्या पोटाइतकी उबदार नाही. बाळ आधीच झालं असेल तर आईच्या उघड्या छातीवर बांधून दोघांना एकाच गाडीत पाठवा. आईला मागे ठेवून बाळ एकटं पाठवू नका.

राहिला वरच्यांचा ओरडा. यात चूक आमच्या बाजूची जास्त आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करते. ज्या निवासी डॉक्टरनं ९० किलोमीटरचा तो रस्ता कधी पाहिलेला नाही, त्याला पोचलेली बाई ठीक दिसली की वाटतं, उगाच पाठवली. ती ठीक पोचली कारण तुम्ही वेळेत पाठवली. मी माझ्या विभागात नियम केलाय: पाठवणाऱ्यावर फोनवर ओरडायचं नाही, काही चुकलं असेल तर सांगायचं दुसऱ्या दिवशी, विभागप्रमुखांनी आणि शांतपणे. एकदा ओरडा खाल्लेला डॉक्टर पुढच्या बाईला दोन तास जास्त ठेवतो, आणि ते दोन तास पुढची बाई भोगते. तुम्हाला कुणी बोललं तरी पुढच्या बाईच्या वेळी तुमचा हात फोनकडे उशिरा जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तुम्हीच आम्हाला फोन करा. बाईचं काय झालं, बाळ कसं आहे, माझं काय सुटलं. कामात असलो तर परत करा. मी जेव्हा तुमच्या जागी होते तेव्हा पाठवलेल्या बायांची एक शंभर पानी वही केली होती: नाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, काय झालं. वर्षभरात त्या वहीनं मला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. उदाहरणार्थ, आमच्या गाड्या निघायला सरासरी पन्नास मिनिटं लागत होती, आणि त्यातली वीस नुसती चिठ्ठी लिहिण्यात जात होती. मग छापील फॉर्म केला.

आणि गाडी परत आली की ड्रायव्हर झोपायला जाण्याआधी सिस्टरनं डबा उघडून मॅगसल्फची अँप्यूल पुन्हा १४ करून ठेवायची.